परत पाठवण्याआधी भीती कागदावर यायला हवी

नागपुरात ‘हद्दपार’ हा शब्द बहुतेकांना गुन्हेगारीच्या बातम्यांतून माहीत असतो. अमुक वस्तीतला गुंड दोन वर्षांसाठी हद्दपार. खरं तर ती तडीपारी, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खालची. आणि त्या गुंडाला काय काय मिळतं बघा. कलम ५९ खाली आधी नोटीस येते, आरोपांचा सारांश कळतो, वकील लावून बाजू मांडता येते, आदेश निघालाच तर ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. तेवढा काळ तो भंडाऱ्याला किंवा वर्ध्याला बहिणीकडे काढतो आणि परत येतो.

जिवाच्या भीतीने देश सोडून आलेल्या माणसाला जेव्हा देशाबाहेर काढतात, तेव्हा त्याला यातलं थोडंसंच मिळतं, आणि तेही मागितलं तर. मागायचं कसं, कोणाकडे, किती वेळात, आणि मागूनही कुठे फसतं, याची ही टिपण आहे. वाचणारे वकील असतील, समाजकार्याचे विद्यार्थी असतील, भाड्याने खोली दिलेले घरमालक असतील, किंवा ठाण्यातले अंमलदारही असतील. अंमलदारांनी तर जरूर वाचावं, कारण पहिला कागद त्यांच्याच टेबलावर तयार होतो.

आधी शब्दांची भेसळ दूर करू. प्रत्यार्पण म्हणजे दुसऱ्या देशाने मागितलेला आरोपी त्याच्या स्वाधीन करणं. त्याला १९६२ चा वेगळा कायदा आहे आणि दंडाधिकाऱ्यासमोर चौकशी होते. डिपोर्टेशन म्हणजे परदेशी माणसाला सरकारने आदेश काढून, त्याचं राष्ट्रीयत्व पडताळून, प्रवासाची कागदपत्रं बनवून, त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे सोपवणं. पुश-बॅक म्हणजे यातलं काहीच न करता सीमेपलीकडे ढकलून मोकळं होणं. वर्तमानपत्रं तिन्हींना ‘हद्दपार’ म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की सगळ्यांच्या मागे कुठला तरी आदेश असणार. पुश-बॅकच्या मागे बहुतेकदा आव्हान देण्याजोगा आदेशच नसतो. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणारे पश्चिम बंगालचे काही जण असेच बांगलादेशात ढकलले गेले आणि ते भारतीयच निघाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. पडताळणीची पायरी गाळली की निर्वासित तर सोडाच, आपला नागरिकही सुटत नाही.

आता कर्तव्याचं बघू. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं कलम ३३ सांगतं की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यामुळे जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल, अशा प्रदेशाच्या सीमेकडे निर्वासिताला कोणत्याही प्रकारे परत पाठवू नये. याला नॉन-रिफूलमेंट म्हणतात. शरण आलेल्याला मरण नसतं, ही आपल्याकडची जुनी समज हेच सांगते. पण या तत्त्वाला कडाही आहेत. ते कायमच्या वास्तव्याचा हक्क देत नाही. सुरक्षित अशा तिसऱ्या देशात पाठवायला ते आडवं येत नाही, मात्र तो तिसरा देश पुढे मूळ देशात ढकलणार असेल तर येतं. देशाच्या सुरक्षेला धोका असलेल्या किंवा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला कलम ३३(२) खाली हे संरक्षण मागता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारात मात्र असा अपवाद नाही.

भारताने १९५१ चा करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल या दोहोंवर सही केलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन अजून नाही. नागरी व राजकीय हक्कांचा करार १९७९ मध्ये स्वीकारला, पण परकीयांना बाहेर काढण्याच्या कलम १३ बाबत आपला कायदा लावण्याची मुभा राखून ठेवली. म्हणून न्यायालयात केवळ आंतरराष्ट्रीय करार घेऊन उभं राहिलं तर पाच मिनिटांत खाली बसावं लागतं. उभं राहायला खरी जमीन घटनेची आहे. कलम १४ (कायद्यापुढे समानता) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) ‘व्यक्ती’ला मिळतात, फक्त नागरिकाला नाही. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेश सरकारला हेच सांगितलं: त्यांचा जीव वाचवणं राज्याचं काम आहे आणि कायद्याच्या मार्गाशिवाय त्यांना हुसकावता येणार नाही. गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात नॉन-रिफूलमेंट कलम २१ मध्येच सामावलेलं आहे असं म्हटलं. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे, म्हणजे यूएनएचसीआरकडे, दाद मागायची वाट मोकळी करून दिली.

सरकारी वकील समोरून काय काढतील हेही माहीत असू द्या. १९५५ चा हान्स म्युलर निकाल: परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. आणि ८ एप्रिल २०२१ चा मोहम्मद सलीमुल्ला प्रकरणातला आदेश, ज्यात देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क हा भारतात कुठेही राहण्याच्या कलम १९(१)(ङ) मधल्या हक्काशी जोडलेला असल्याने तो नागरिकांपुरताच आहे असं म्हणून रोहिंग्यांना दिलासा नाकारला गेला. पण त्याच आदेशात शेवटी अट आहे की विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांना पाठवू नये. अनुभवी वकील सरकारचा बाहेर काढायचा अधिकार नाकारायच्या भानगडीत पडत नाहीत. ते फक्त विचारतात, कार्यपद्धती पाळली का? कोणत्या तारखेला? कागद दाखवा. गुजरात आणि मणिपूरचे निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर बंधनकारक नाहीत, मन वळवण्यापुरते आहेत. सलीमुल्लामधली ती अट मात्र सर्वोच्च न्यायालयाची आहे. जो आदेश आपल्याविरुद्ध गेला असं आपण समजतो, त्यातच आपल्या कामाची ओळ असते.

ती कार्यपद्धती म्हणजे निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परकीयांबाबत केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ रोजी काढलेली आणि २० मार्च २०१९ रोजी सुधारलेली सूचना. तिला कायद्याचा दर्जा नाही, पण सरकारला स्वतःचंच पत्रक नाकारणं जड जातं. तिचा सार असा: माणसाने दावा केला की ३० दिवसांत त्याची प्राथमिक तपासणी व्हावी. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळाची सकारण भीती दिसली तर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, म्हणजे एलटीव्हीसाठी, गृहमंत्रालयाकडे शिफारस जावी. हा व्हिसा मिळाला तर खासगी नोकरी आणि शिक्षण दोन्ही चालतं. दावा टिकला नाही तर स्थानबद्धता आणि परतीची प्रक्रिया. राजनैतिक मार्गाने सहा महिन्यांत काही निष्पन्न झालं नाही तर बायोमेट्रिक घेऊन, स्थानिक जामीनदार आणि मासिक हजेरीच्या अटीवर सोडण्याचा विचार व्हावा. सगळी साखळी एका गोष्टीवर अडलेली आहे: दावा ‘केला’ पाहिजे. मनात असलेली, दुभाष्याला सांगितलेली, कोठडीत शेजाऱ्याजवळ रडून बोललेली भीती म्हणजे दावा होत नाही.

नागपुरात हा प्रश्न कोणाचा

एकाच शहरात या प्रश्नाची किती वेगवेगळी रूपं आहेत हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जरीपटका वसवला, आणि पाकिस्तानातल्या सिंधमधून हिंदू कुटुंबं आजही त्याच नात्यागोत्याच्या ओढीने इथे येतात. राज्यातले सर्वात जास्त पाकिस्तानी नागरिक नागपुरात आहेत. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने ज्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यांत नागपूर होतंच. यांना सहसा परत पाठवत नाहीत. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हाही हिंदूंचे एलटीव्ही कायम राहतील असं परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केलं. पण त्या आठवड्यात घाबरगुंडी उडाली ती ज्यांचा एलटीव्हीचा अर्ज अर्धवट होता, ज्यांनी मुदत संपायच्या आत नूतनीकरण टाकलं नव्हतं, किंवा जे नुसत्या भेटीच्या व्हिसावर होते त्यांची. पाकिस्तान्यांचा व्हिसा शहरापुरता असतो. परवानगीशिवाय लग्नाला उल्हासनगरला गेलं तरी तो नियमभंग. पोलिसांकडे नोंदणी येताच २४ तासांत करायची असते.

१ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचे जुने चार कायदे जाऊन आप्रवासन व परकीय अधिनियम २०२५ लागू झाला. त्याच दिवशीच्या सवलत आदेशाने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना कागदपत्रांच्या अटीतून वगळलं. इथे एक घोळ रोज होतो. ही तारीख देशात राहू देण्याची आहे, नागरिकत्वाची नाही. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची तारीख अजून ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे.

दुसरे तिबेटी. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीत ते सत्तरच्या दशकापासून आहेत. नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, वेळेवर नूतनीकृत केलं तर अडचण नाही. सवलत आदेशात तिबेटींसाठी प्रवेशाच्या तारखेच्या आणि परवान्याच्या अटी आहेत, त्या बघून घ्या. आणि २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या दरम्यान भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच भारतीय नागरिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये नामग्याल डोलकर प्रकरणात हे सांगितलं.

तिसरे म्हणजे ज्यांच्यासाठी कुठलीच यादी नाही: म्यानमारचे चिन आणि रोहिंग्या, अफगाणिस्तानातले हजारा, पाकिस्तानचे अहमदिया. चिन ख्रिस्ती असले तरी म्यानमार यादीत नाही, म्हणून बाहेर. दिल्ली–हैदराबादची रेल्वे नागपूरवरून जाते आणि रोहिंग्या वस्त्या त्या मार्गाच्या दोन्ही टोकांना आहेत, त्यामुळे ही माणसं शहरात राहत नसली तरी लोहमार्ग पोलिसांच्या हाती इथे लागू शकतात. मला यादीवाल्यांच्या सवलतीचं वाईट वाटत नाही. त्या कुटुंबांची भीती खरी आहे. पण छळाची भीती मोजताना धर्म आणि देश बघून आधीच अर्ध्यांना दाराबाहेर उभं करायचं, याला संरक्षण म्हणवत नाही. यापुढचं सगळं मुख्यतः या दाराबाहेरच्यांसाठी.

पहिले चोवीस तास

पकडल्यावर अटकेची कारणं सांगावी लागतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम ४७), नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं लागतं (कलम ४८), आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं (कलम ५८). ‘चौकशीला बसवून ठेवलंय, अटक नाही’ असं उत्तर मिळालं तर वेळ तिथूनच मोजायला सुरुवात करा आणि आणल्याची वेळ लिहून ठेवा. पुढच्या याचिकेत ती लागेल.

याच चोवीस तासांत एक अर्ज ठाण्यात गेला पाहिजे. फार कायदेशीर भाषा नको. एवढं पुरतं:

“मी (नाव), (देश) येथून आलो/आले आहे. मला परत पाठवल्यास (कारण) यामुळे माझ्या जिवाला व स्वातंत्र्याला धोका आहे. मी यूएनएचसीआरकडे नोंदणीकृत आहे (क्रमांक) / नोंदणी करू इच्छितो. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २० मार्च २०१९ च्या कार्यपद्धतीनुसार माझ्या दाव्याची तपासणी व्हावी आणि तोपर्यंत मला भारताबाहेर किंवा नागपूरबाहेर नेऊ नये. माझ्या देशाच्या दूतावासाला माझी माहिती देण्यास माझी संमती नाही.”

दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक, तारीख, वेळ आणि शिक्का घ्यायचा. ठाणे अंमलदार ‘साहेब आले की देतो’ म्हणतात. साहेब येईपर्यंत गाडी निघालेली असू शकते. पोच नाकारली तर तोच अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या ईमेलवर आणि विशेष शाखेतल्या विदेशी नागरिक नोंदणी कक्षाला लगेच पाठवा, आणि वर स्पीड पोस्ट करा. ईमेलची वेळ हा पुरावा आहे. स्टेशन डायरीत नोंद घ्या अशी विनंतीही त्यातच लिहा.

शेवटचं दूतावासाचं वाक्य विसरू नका. परदेशी माणूस अटकेत असेल तर त्याच्या वकिलातीला कळवायचं, ही चांगली सवय पोलिसांना लागलेली आहे. पण वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे हे कळवणं त्या माणसाने मागितलं तर करायचं असतं. ज्या सरकारच्या भीतीने तो पळाला, त्यालाच त्याचा पत्ता कळवला तर मागे राहिलेल्या आईवडिलांच्या दारावर थाप पडते. वर्तमानपत्रात फोटो छापून येण्याचंही तेच. आधी नसलेला धोका त्या बातमीने तयार होतो.

नाव, तारीख, भाषा

बहुतेक दावे मोठ्या मुद्द्यांवर पडत नाहीत. ते फॉर्मच्या चौकटींवर पडतात.

आपल्या फॉर्मला आडनाव लागतं. बर्मी माणसाला आडनाव नसतं. ‘ऊ’, ‘डॉ’, ‘को’, ‘मा’ ही आदरार्थी संबोधनं आहेत, आपल्या ‘श्री’, ‘ताई’सारखी, ती नावात घुसतात आणि एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावं होतात. अफगाणांतही अनेकांना आडनाव नसतं, मग शिपाई वडिलांचं किंवा टोळीचं नाव टाकतो. त्यात मराठीत लिहिलेलं नाव कोणीतरी पुन्हा रोमन लिपीत उतरवतं, आणि ते कार्डावरच्या नावाशी जुळत नाही. उपाय साधा आहे: यूएनएचसीआरच्या कार्डावरचं स्पेलिंग अक्षर-अक्षर उतरवायचं, मराठी नाव त्याच्या पुढे कंसात.

तारखांचं तसंच. अफगाण तजकिऱ्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, बऱ्याचदा जन्मतारीख नसते. ‘अमुक वर्षी इतक्या वर्षांचा’ असं असतं, आणि वर्ष सौर हिजरी, म्हणजे तिथल्या पंचांगाचं. मार्च २०२५ मध्ये १४०४ सुरू झालं. वजाबाकीत ६२१ की ६२२ यावरून एक वर्ष इकडेतिकडे होतं आणि तपासी अधिकारी ‘वय खोटं सांगितलं’ असं लिहितो. शंका असेल तर मूळ आकडा मूळ पंचांगासह लिहायचा, रूपांतर खाली. नागरिकत्वाच्या वादात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहीम अली प्रकरणात हेच सांगितलं की नावाच्या स्पेलिंगमधले आणि तारखांमधले किरकोळ फरक माणसाविरुद्ध वापरता येत नाहीत, आणि नुसत्या संशयावर पुराव्याचा भार त्याच्यावर ढकलता येत नाही. आधी सरकारकडे काही आधार हवा. नव्या कायद्यातही आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच आहे, म्हणून हा निकाल जवळ ठेवा.

भाषेत सगळ्यात वाईट गफलत होते ती रोहिंग्यांची. त्यांची बोली चितगावच्या बोलीच्या जवळची आहे. ठाण्यात कोणीतरी बंगाली जाणणारा बोलावला जातो, त्याला निम्मंअर्धं कळतं, आणि जबाबात येतं ‘बंगाली भाषिक, बांगलादेशी’. त्या एका ओळीवर माणूस ज्या देशाचा नाही त्या देशाच्या सीमेकडे निघतो. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने म्यानमारने त्यांना बाहेर टाकलेलं, बांगलादेश आपलं म्हणत नाही. दुभाष्याचं नाव, त्याची भाषा आणि त्याला ही बोली येते का, हे जबाबातच लिहून घ्यायला लावा. चिन लोकांच्याही अनेक वेगवेगळ्या भाषा आहेत. ‘बर्मी दुभाषी आणला’ म्हणजे काम झालं असं नाही. आणि दुभाषी दूतावासाचा नको, विरोधी गटातलाही नको. आपल्याकडची नागपुरी हिंदी तर कुठल्याच परकीयाला कळत नाही, ‘काहून आला बे’ हा प्रश्न त्याला धमकी वाटतो.

सही करायला दिलेला कागद वाचून दाखवल्याशिवाय सही नको, विशेषतः ‘मी स्वेच्छेने परत जात आहे’ असा मजकूर असेल तर. स्वेच्छेला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा न जाण्याचाही पर्याय खुला असतो आणि तिथली परिस्थिती सांगितलेली असते. १९९२ मध्ये तमिळनाडूतल्या छावण्यांतून श्रीलंकेच्या तमिळांना परत पाठवताना याच संमतीवरून वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि पुढे यूएनएचसीआरला संमती खरी आहे का हे तपासू द्यावं लागलं. कोठडीतल्या माणसाची ‘स्वेच्छा’ मी तरी गृहीत धरणार नाही.

दंडाधिकाऱ्यासमोर

रिमांडच्या वेळी भीती तोंडी सांगायची आणि ती रोजनाम्यात लिहून घ्यावी अशी विनंती करायची. पोलिसांच्या कागदापेक्षा न्यायालयाच्या रोजनाम्याला वजन जास्त. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येकाला, शिवाय स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. परकीय आहे म्हणून नाही म्हणता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायमंदिरातच, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, आहे. १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. सोबत मूल असेल तर बाल कल्याण समिती आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

पुढचा सापळा गोड आहे. बिनकागदाने प्रवेश केल्याच्या गुन्ह्याला नव्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणीतरी सल्ला देतं: गुन्हा कबूल कर, भोगली तेवढी कैद धरून सुटशील. सुटका कारागृहाच्या फाटकापर्यंतच होते. बाहेर पोलिसांची गाडी उभी असते, आणि आता हातात दोषसिद्धी आहे जी पुढे प्रत्येक ठिकाणी नडते. दावा नोंदवल्याशिवाय कबुली नको. बनावट आधार किंवा पॅन काढलेलं असेल तर प्रकरण आणखी अवघड होतं, आणि बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरला असेल तर किमान दोन, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि एक ते दहा लाख दंड. ‘आधी आधार काढून घे, मग बघू’ म्हणणारा दलाल त्या माणसाचा निर्वासित म्हणून असलेला दावाच विकून खातो. आधार तसंही नागरिकत्वाचा पुरावा नाही.

खंडपीठात

पाठवण्याची चाहूल लागली, म्हणजे राष्ट्रीयत्व पडताळणीचं पत्र गेलं, ‘भारत सोडा’ नोटीस हातात पडली, किंवा नुसतं ‘उद्या कलकत्त्याला नेणार’ असं कानावर आलं, की सिव्हिल लाइन्सला खंडपीठात घटनेच्या कलम २२६ खाली फौजदारी रिट याचिका. कोठडीतल्या माणसाची वकीलपत्रावर सही मिळत नाही म्हणून थांबू नका. बंदी प्रत्यक्षीकरणाची (हेबिअस कॉर्पस, म्हणजे कोठडीतल्या माणसाला न्यायालयापुढे आणा अशी) याचिका नातेवाईक, मित्र, कोणीही हितचिंतक करू शकतो, प्रतिज्ञापत्र त्याचं. प्रतिवादी: केंद्र सरकार (गृहमंत्रालय), राज्य सरकार (गृह विभाग), पोलीस आयुक्त, विदेशी नागरिक नोंदणी अधिकारी, ठाण्याचे निरीक्षक. एकही गाळला तर ‘आम्हाला आदेश मिळालाच नाही’ असं म्हणायला जागा राहते. प्रिसिपी, म्हणजे लेखी विनंती, देऊन तातडीचं सर्क्युलेशन, म्हणजे तातडीची सुनावणी, मागायचं, आणि प्रत आधीच सरकारी वकील कार्यालयाला आणि केंद्राच्या डीएसजीआयना, म्हणजे उप महान्यायअभिकर्त्यांना, पोहोचवायची.

मागण्या तीनच ठेवा. व्यक्तीला हजर करा. २०१९ च्या कार्यपद्धतीप्रमाणे दाव्याचा निर्णय होईपर्यंत पाठवू नका. आणि तोपर्यंत या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर हलवू नका. तिसरी मागणी नवखे विसरतात. माणूस विमानाने पूर्वेकडे गेला की नागपूरची याचिका निरर्थक ठरते, तिकडे कोणत्या ठाण्यात आहे ते कळेपर्यंत सीमा ओलांडलेली असते. आदेश मिळाला की प्रमाणित प्रतीची वाट न बघता संकेतस्थळावरची प्रत ठाण्यात, आयुक्तालयात आणि सरकारी वकिलांना पाठवायची, आणि गाडीत बसवायच्या आत वकिलाने ठाण्यात समक्ष जायचं.

यूएनएचसीआरचं काम समांतर. त्यांचं कार्यालय दिल्लीत आहे, दुसरं चेन्नईत, नागपुरात नाही. नोंदणी, मग विचाराधीन असल्याचा कागद, मुलाखत, निर्णय, नाकारल्यास अपील, असा क्रम असतो. कार्ड हे सरकारी परवाना नाही, पण ते असलं की न्यायाधीश ‘कशावरून?’ हा प्रश्न लवकर संपवतात. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो तीन वेगवेगळ्या माणसांच्या मोबाइलवर ठेवा. पकडल्यावर पहिला जप्त होतो तो मोबाइल आणि त्यासोबतच पाकीट.

रोजच्या जागा

घरमालकाने आणि लॉजवाल्याने परकीय आल्यावर २४ तासांत फॉर्म सी, म्हणजे त्याची माहिती पोलिसांकडच्या नोंदणी कक्षाला देणारा फॉर्म, भरायचा असतो. न भरता ठेवलं तर आपण दया करतो असं वाटतं. प्रत्यक्षात त्या माणसाला ‘लपून राहिलेला’ ठरवायला मदत करतो. रुग्णालयांनाही नव्या कायद्यात परकीय रुग्णांची माहिती द्यावी लागते, त्यामुळे बाळंतपण घरी करण्याकडे कल वाढतो. तो सगळ्यांत महाग पडतो, कारण बाळाची नोंद राहून जाते. जन्म २१ दिवसांत मनपाकडे नोंदवला तर शुल्क नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि महाराष्ट्रात २०२५ पासून अशा उशिराच्या नोंदींची कडक फेरतपासणी चालू आहे. जन्म दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही (३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांना एक पालक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला लागतो), पण हे मूल कोणाचं आणि कुठे जन्मलं हे सांगणारा तोच एक कागद आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घेताना वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

सुटका झाली तर अटींवर होते: स्थानिक जामीनदार, पत्ता न बदलणं, महिन्याला हजेरी. जामीनदार शोधणं हे सगळ्यात अवघड काम आहे. लोक पैसे देतात, सही देत नाहीत. पत्ता बदलायचाच झाला तर आधी लेखी परवानगी, मग सामान. हजेरीला गेल्यावर नोंदवहीत सही होते, पण ती वही ठाण्यातच राहते आणि निरीक्षक बदलले की नवी वही उघडते. म्हणून स्वतःची एक साधी शंभर पानी वही ठेवायची, प्रत्येक तारखेपुढे अंमलदाराची सही आणि शिक्का घ्यायचा, आणि घरी येऊन त्या पानाचा फोटो वकिलाला पाठवायचा.